दुधाचं दार, मटणाचं दार

सुशीलच्या दुकानात भिंतीला टेकवलेल्या फळ्यासमोर सिपोराबाई डोळे मिटून उभ्या होत्या. फळ्यावर कपाटांचे नॉब ओळीने बसवलेले. चिनीमातीचे गोल, पितळेचे लांबट, स्टीलचे चपटे, काचेचे पैलू पाडलेले. त्यांची बोटं एकेकावर थांबत, चाचपत आणि पुढे सरकत.

"मावशी, देवाला कौल लावताय काय?" सुशील गल्ल्यावरून म्हणाला.

"गप रे. हाताला ओळख पटते का बघते."

"आणि डोळे कशाला ठेवलेत?"

सिपोराबाईंनी डोळे उघडले. पेणच्या या दुकानात त्या रोह्याहून एसटीने आल्या होत्या. रोह्यात नॉब मिळत नव्हते असं नाही, पण तिथे सगळे एकाच घाटाचे. त्यांना दोन तऱ्हांचे हवे होते, आणि ते एकमेकांपासून अगदी वेगळे हवे होते.

"आमचा शब्बाथ शुक्रवारी दिवस मावळताना लागतो," त्या म्हणाल्या. "मग शनिवार मावळेपर्यंत बटण दाबायचं नाय, काडी ओढायची नाय. दिवा आधीच लावून ठेवायचा. पण आमच्या रोह्याची लाइट तुला ठाऊक हाय. गेली तर गेली. अंधारात हात घातला की हाताला कळलं पायजे, हे दुधाचं दार, हे मटणाचं दार."

"दुधाला वेगळं दार?"

"दुधाची भांडी एकीकडे, मटणाची एकीकडे. ही तिकडे जायची नाय, ती इकडे यायची नाय."

सुशीलने मान हलवली. "बरं हाय. इथे लोक एका किचनला एकसारखे नॉब मागतात. एखाद्यावर जरा पिवळट छटा दिसली तरी भांडायला येतात. तुम्ही पहिल्याच."

शेवटी त्यांनी दुधाच्या बाजूला पांढरे, गोल, चिनीमातीचे नॉब घेतले. थंडगार, गुळगुळीत, तळहातात अंड्यासारखे बसणारे. मटणाच्या बाजूला पितळेचे लांबट, अंगावर बारीक खाचा असलेले. न्हाणीघरातल्या कपाटालाही त्या पितळ बघत होत्या, पण सुशीलने हात आडवा केला. तिथे पाणी उडणार, पितळ हिरवं पडणार, स्टील घ्या म्हणाला. न्हाणीघरात दुधामटणाचा प्रश्न नव्हता. त्यांनी स्टील घेतलं.

परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर धरून त्या बसल्या. गडब गावाच्या पुढे रस्ता खराब होता. गाडी आदळली की पिशवीतली चिनीमाती किणकिणायची आणि त्या तिच्यावर हात ठेवायच्या.

सिपोराबाईंचं माहेर पेणचंच. लग्न होऊन त्या रोह्याला आल्या तेव्हा नदीच्या दोन्ही अंगांना त्यांच्या समाजाची बरीच घरं होती. मराठी बोलणारे, मराठीत भांडणारे, मराठीतच रडणारे यहुदी. सणाला प्रार्थनाघराच्या ओट्यावर चपला ठेवायला जागा नसायची. मग एकेक घर इस्रायलला गेलं. आधी तरुण गेले, मग त्यांनी म्हाताऱ्यांना नेलं. आता प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुष जमवायचे तर पेण, अलिबाग सगळीकडे फोन फिरवावे लागत. सिपोराबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. तरुणपणी त्यांनी गावाचे परदेशी कॉल जोडून दिले होते. स्वतः कुठे गेल्या नाहीत. नवरा बेंजामिन धाटावच्या एका कंपनीत होता, त्याला नदी सोडवत नव्हती. तो वारल्यावर मुलगा नथानियल, घरातला नथन, इस्रायलला गेला. त्याने आईला बोलावलं, नाही असं नाही. पण त्या म्हणाल्या, तुझा बाप इथे आहे, आणि विषय तिथेच थांबला.

नथनची बायको तामार तिकडेच वाढलेली. आईबाप मूळचे ठाण्याचे, म्हणून मराठी यायची, पण घरातल्या घरात वापरून झिजलेली. त्यांची मुलगी नोआ. ती अगदी लहान असताना तिघं पहिल्यांदा आली. सिपोराबाईंनी नारळाच्या दुधातलं मटण केलं, आंबोळ्या केल्या, गव्हाच्या चिकाचा हलवा थापला. पोरगी हलव्याचे तुकडे दोन्ही हातांत घेऊन घरभर फिरली. मग तिला जुलाब सुरू झाले. पनवेलच्या दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. पावसाळा होता, गावात निम्म्या घरांत तेच चाललं होतं. पोर बरी झाली आणि ती मंडळी ठरल्यापेक्षा लवकर गेली.

दुसऱ्या वेळी आली ती कागदी ताटल्या, डबाबंद खाणं आणि विजेची एवढीशी शेगडी घेऊन. तामारने ओटीवर शेगडी मांडली. सिपोराबाईंनी वाढायला घेतलेली पळी हातातच राहिली.

नथन त्यांना मागच्या दारी घेऊन गेला. "आई, रागावू नकोस. आता आम्ही खाण्याचे नियम कडक पाळतो. तुझ्याकडे दुधाची आणि मटणाची भांडी एकाच फळीवर. एकच मोरी, एकच घासणी. असं चालत नाही आता आम्हाला."

त्यांच्या घरात मटणावर दही कधी वाढलं गेलं नव्हतं. सासूने शिकवलं होतं, तिला तिच्या सासूने. पण फळी एकच होती, हे खरं. सिपोराबाईंनी मान खाली घातली. मुलगा देवाच्या जवळ गेला आणि आपण इथे एकट्या राहून ढिल्या पडलो, असं त्यांना वाटलं. त्या दिवसांत नोआने एकदा त्यांच्या टोपातला बटाटा उचलला होता. तामारने तो पोरीच्या बोटांतून काढून घेतला. हळूच काढला, हसून काढला. सिपोराबाईंना ते हसू पुढे कित्येक वेळा आठवलं.

आता ती तिघं पुन्हा यायची होती. म्हणून सिपोराबाईंनी स्वयंपाकघर तोडलं.

"गो सिपोराबाय, सून येते का सरकारी पाहुणा येतो?" शेजारची चंद्रावती दारातून ढिगारा बघत म्हणाली.

"माझ्या हातचं जेवायला येतात."

"ते व्हय? मग आमी इतकी वरसं जेवलो ते कोणाच्या हातचं?"

"तुझं काय, तुला दगड वाढला तरी खाशील."

"खाल्लाय की. तुझ्या आंबोळ्या." चंद्रावती हसत हसत गेली आणि संध्याकाळी मातकाम करणाऱ्यांसाठी चहाची किटली घेऊन आली.

सुतारकाम मिथुनकडे होतं. तो नदीपलीकडच्या अष्टमी गावचा, हाताने चांगला, तोंडाने त्याहून चांगला. ओट्याच्या डाव्या अंगाला दूध, उजव्या अंगाला मटण, मध्ये शेगडी. दोन मोऱ्या. सिपोराबाईंनी पाटावरवंटासुद्धा दुसरा आणला. नथनला विचारून विचारून त्या एकेक गोष्ट ठरवत होत्या. तो फोनवर सांगायचा, त्या पाठ करायच्या. दूध प्यायल्यावर लगेच मटण खायचं नाही. हातपुसणीही दोन. मासळी कुठे ठेवायची, असं त्यांनी विचारलं तेव्हा तो थोडा थांबला आणि म्हणाला, "बघून सांगतो." दुसऱ्या दिवशी सांगितलं. केवढा जपून वागतो, सिपोराबाईंना वाटलं होतं.

नॉब बसवून झाल्यावर त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. फोन आधी पांढऱ्या नॉबसमोर धरला, मग पितळी.

"छान आहेत आई."

"कुठचे जास्त छान?"

"दोन्ही छान."

"तामारला दाखव. तिला विचार, हाताला लागतील असे नाय ना."

तामार क्षणभर पडद्यावर आली. केस ओले होते. "सुंदर आई. तुम्हाला आवडलं ते मला आवडलं." मग पडद्यावर नुसतं छत दिसत राहिलं, आणि कॉल तुटला.

मिथुन पिशवी आवरत होता. तेवढ्यात सिपोराबाईंनी शेवटचं कपाट बघितलं. डावीकडे, अगदी खाली, पांढऱ्यांच्या रांगेत एक पितळी नॉब.

"हे काय?"

"एक पांढरा तडकला काकी, स्क्रू आवळताना. पितळी जास्तीचा होता तो लावला. खाली हाय, कोण बघतंय?"

"हात बघतो."

"अहो, तिथे तुम्ही पेपराची रद्दी ठेवणार."

"रद्दी ठेवीन नायतर काय ठेवीन. काढ तो."

"म्हणजे दार उघडायचं कशानं?"

"नखानं."

मिथुनने नॉब काढला. दुसऱ्या दिवशी सिपोराबाई पुन्हा पेणला गेल्या. सुशीलने एक नॉब कागदात गुंडाळून देताना विचारलं, एवढ्यासाठी रोह्याहून आलात? त्या हो म्हणाल्या. फिरून एसटी, फिरून नागोठण्याचा थांबा, फिरून पिशवीवर हात. त्या फेरीत त्या फार सुखात होत्या. नोआ खाली वाकून ते कपाट उघडेल आणि आत काही नसेल, म्हणून त्यांनी तिथे रद्दीऐवजी तिच्यासाठी दुधाचा एक नवा पेला ठेवायचं ठरवलं.

ती मंडळी शुक्रवारी दुपारी आली. सिपोराबाईंनीच रोह्याच्या नितेशची गाडी मुंबईला पाठवली होती. दिवस मावळायच्या आत घरात पाहिजेत, हे त्याला दहादा बजावलं होतं. सकाळपासून त्या ओट्यापाशी होत्या. धर्माप्रमाणे कापलेलं मटण ठाण्याहून एका नातेवाइकाकरवी बर्फात घालून आलं होतं. हिरवं वाटण, नारळाचं घट्ट दूध, आंबोळ्या. सगळं उजव्या बाजूच्या भांड्यांत. डावी बाजू नवी कोरी, नुसती दुधाची पातेली आणि तो पेला.

नोआ उंच झाली होती. आजीला मिठी मारून ती फोन घेऊन ओटीवर बसली. तामार मात्र सरळ स्वयंपाकघरात आली, आणि दारातच थांबली.

"आई! हे केवढं सुंदर केलंत!"

सिपोराबाईंनी पदराने ओटा पुसला, आधीच पुसलेला.

तामारने पांढरा नॉब ओढून दार उघडलं, आतली पातेली बघितली. मग पितळी ओढला. तिच्या लक्षात आलं. तिकडे वाढलेल्या बाईच्या लक्षात यायला वेळ लागत नाही. ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर खरंच नवल होतं.

"तुम्ही एवढं पाळता, आई? दोन मोऱ्या पण? आमच्याकडे माझी आजी पाळायची असं. ती गेली, मग कोणी नाही."

"आम्ही म्हणजे…" सिपोराबाई म्हणाल्या. "तुम्हीच ना…"

"तामार, बॅगा बघ आधी," नथन मागून म्हणाला. फार घाईने म्हणाला. "आणि अंघोळ करून घे. आई, न्हाणीघर पण नवं केलंयस ना?"

तामार गेली. नथन तिच्यामागे गेला. सिपोराबाईंनी स्वतःला सांगितलं, तिची मराठी कच्ची आहे. काही तरी म्हणायचं होतं, काही तरी म्हणाली.

बाहेर नितेश शेवटची बॅग पायरीवर ठेवत होता. "हात धू रे," त्या म्हणाल्या. "बस जेवायला. तुझंही केलंय."

"नको काकी, पोटाला तड लागलीय. आताच पेणला जेवलो ना सगळे."

"तू जेवलास असशील. त्यांनी फळंबिळं खाल्ली असतील."

"फळं कसली! हायवेच्या हॉटेलात बसलो. नान काय, बटर चिकन काय, वर लस्सी. नोआने तर दोनदा मागवलं. वहिनी म्हणाल्या, तू वेगळा कशाला बसतोस, ये इकडे. एका टेबलावर जेवलो आम्ही." नितेशने डिकी लावली. "मोठ्या मनाची माणसं हो काकी तुमची. नायतर ड्रायव्हरला कोण विचारतंय."

"व्हय," सिपोराबाई म्हणाल्या. "चांगली हायत."

गाडी वळून गेली तरी त्या पायरीवर उभ्या होत्या. बटर चिकन. कोंबडी, आणि तिच्यात लोणी, आणि तिच्यात साय. वर लस्सी. त्यांनी ते कधी खाल्लं नव्हतं, पण टीव्हीवर करताना बघितलं होतं. एकाच कढईत.

त्या आत आल्या तेव्हा न्हाणीघरात पाणी पडत होतं. नथन ओट्याशी उभा होता. बाजूला त्यांच्या बॅगेतून निघालेल्या कागदी ताटल्यांचा गठ्ठा, प्लास्टिक न काढलेला.

"पेणला काय जेवलास?"

त्याने ताटल्यांचा गठ्ठा उगाच सरळ केला. तेवढ्यात सगळं उत्तर आलं.

"नितेश बोलला वाटतं."

"त्याला काय ठाऊक, बोलायचं नसतं ते. तू सांगायला हवं होतंस त्याला. मला शिकवलंस तसं."

"आई, बस जरा."

"उभी बरी हाय."

"नोआ त्या वेळी किती आजारी होती, तू बघितलंस. तामार फार घाबरली होती. ती म्हणाली, परत आईंच्या घरचं पाणी नको, जेवण नको. मी काय करणार होतो? तुला सांगू, तुझ्या हातचं खाऊन पोरगी मरता मरता वाचली?"

"सांगायचंस."

"तुला सहन झालं नसतं."

"पाणी उकळलं असतं मी," सिपोराबाई म्हणाल्या. "दोनदा उकळलं असतं. फिल्टर आणला असता. तो भिंतीला लावतात, एका दिवसाचं काम. त्याला स्वयंपाकघर तोडावं लागत नाय."

नथनने ओट्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"आणि तिला ठाऊकच नाय. तिला वाटतं मी पाळते. तू तिला काही सांगितलं नायस, आणि मला देवाचं नाव सांगितलंस."

"मला दोघींना दुखवायचं नव्हतं."

"मी फोन धरून उभी होते. पांढरा दाखवला, पितळी दाखवला. तू म्हणालास, छान आहेत. मासळीचं विचारलं, तर दुसऱ्या दिवशी बघून सांगितलंस. कशात बघितलंस रे?"

"फोनवर," तो म्हणाला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "तू एवढी खूश होतीस आई. रोज उठून काही तरी विचारत होतीस. तुला काम मिळालं होतं. मला वाटलं, असू दे."

असू दे. सिपोराबाईंनी त्या दोन शब्दांकडे जरा वेळ बघितलं. एक नॉब आणायला गेल्या होत्या तो दिवस त्यांना दिसला, खिडकीपाशी बसलेल्या स्वतः दिसल्या, मांडीवर पिशवी, तोंडावर ते येडं हसू. मुलाच्या डोळ्यांनी दिसल्या. त्यांच्या कानशिलांत ऊन ऊन झालं.

न्हाणीघरातलं पाणी थांबलं. ओटीवरून नोआच्या फोनमधलं गाणं ऐकू येत होतं. खिडकीबाहेर ऊन आंब्याच्या शेंड्यावर गेलं होतं. थोड्या वेळात शब्बाथचे दिवे लावायला हवे होते.

नथन पुढे आला. त्याने कागदी ताटल्यांचा गठ्ठा उचलून खाली ठेवला, जमिनीवर. मग उजवीकडचं कपाट पितळी नॉबला धरून उघडलं आणि आतून एक स्टीलचं ताट काढलं. लहानपणी धरायचा तसं दोन्ही हातांत धरलं.

"वाढ मला," तो म्हणाला. "मी जेवतो. तुझ्या हातचं किती दिवसांत खाल्लं नाही."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. सिपोराबाईंना ते कळलं. इतकी वर्षं त्या ज्याची वाट बघत होत्या ते ताट समोर होतं. टोपावर झाकण होतं, झाकणावर त्यांचा हात होता.

"लस्सी प्यायलास ना?" त्या म्हणाल्या.

"आई…"

"दुधावर लगेच मटण चालत नाय. तूच सांगितलंस."

"आई, नको ना असं करूस."

"मी पाळते," सिपोराबाई म्हणाल्या. "बायकोला विचार तुझ्या."

त्यांनी त्याच्या हातातून ताट घेतलं. ओढून नाही, हळूच घेतलं, हसून घेतलं. तो ओटीवर गेला.

दिवे लावले तेव्हा सगळी भोवती उभी होती. तामारने डोक्यावर ओढणी घेतली होती, नोआने फोन बंद केला होता. प्रार्थना सिपोराबाईंनी एकटीने म्हटली, बाकीच्यांनी आमेन म्हटलं. मग तामारने डबे उघडले, कागदी ताटल्या मांडल्या आणि हसून म्हणाली, "आई, तुम्हाला आमचा त्रास नको, आम्ही आमचं आणलंय." सिपोराबाई म्हणाल्या, बरं केलंत.

त्यांनी ते स्टीलचं ताट स्वतःपुढे घेतलं आणि वाढून घेतलं. मटण मऊ शिजलं होतं, नारळ गोड निघाला होता. नथन वर बघत नव्हता. नोआने एकदा टोपाकडे बघून नाक वर केलं, वास घेतला आणि आईकडे पाहिलं. सिपोराबाईंनी ते बघितलं. त्यांनी टोप आणखी जरा आपल्याकडे ओढला, आंबोळी मोडली आणि जेवत राहिल्या.